चौदावा वाटा

माझं अक्षर चांगलं आहे आणि त्यापायी मी आजवर जेवढे पंचनामे लिहिले तेवढे आमच्या भागात दुसऱ्या कोणी लिहिले नसतील. नोकरी कृषी सहायकाची. बांधावर जायचं, पिकाकडे बघायचं, शेतकऱ्याच्या तोंडाकडे शक्यतो बघायचं नाही आणि कागद भरायचा. रानडुकरांनी भुईमूग उकरला, रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हरभरा तुडवला की शेतकरी नुकसानीचा अर्ज टाकतो. मग वनखात्याची वनरक्षक, तलाठी आणि मी असे तिघं निघतो. तलाठ्याला नेहमी दुसरीकडे जायचं असतं. वनरक्षक मॅडमचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाही लागत नाही. त्यामुळे मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिणारा मी.

नोकरीची पहिली सात वर्षं नेरला काढली. तिकडे माझं ना नातं ना गोतं, मजेत होतो, हे आता कळतं. मग घराजवळ बदली मागून घेतली. मागून घेतली हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं ऐकून लोक म्हणतात, नशीब. नशीब कसलं, अर्ज माझाच होता.

आमचा तांडा महागावच्या बाजाराला सोयाबीन-कापूस नेणाऱ्यांपैकी. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता सातबाऱ्यावर नाव आहे, घरात आमची गोरबोली आणि बाहेर मराठी चालते. तांड्याच्या मागं ई-क्लासची गायरान जमीन आहे आणि तिला लागून झुडपी जंगल. दोन्ही सरकारची. जंगल म्हणजे पळस, बोरी, हिवर आणि दगड. तांड्याला वाटतं ते आपलं, कारण ढोरं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच चरली. वनखात्याला वाटतं ते आपलं, कारण नकाशात तसं आहे. डुकरांना काही वाटत नाही, ती तिथं राहतात.

होळी झाली की तांड्यातली माणसं कुत्री घेऊन त्या जंगलात शिरायची. हाका घालायचा, एक डुक्कर पाडायचं, नाल्याच्या काठी त्याचे केस जाळायचे आणि वाटे घालायचे. कायद्यानं हा गुन्हा आहे. हे तांड्यात सगळ्यांना माहीत होतं, जसं हेल्मेट घालायचं असतं हे माहीत असतं.

वाटे घालायची आमची एक पद्धत आहे, ती नीट सांगायला पाहिजे, कारण सगळं तिच्यातच अडकलं. आमच्या भावकीच्या चुली चौदा, म्हणून वाटे चौदा. होळीच्या दिवसांत पळसाला पान नसतं, म्हणून खताच्या रिकाम्या पिशव्या फाडून त्यांच्यावर वाटे मांडायचे. डुकराची आतडी त्याआधीच कुत्र्यांसाठी नाल्यात टाकलेली असायची. मग एकजण वाट्यांकडे पाठ करून बसतो. दुसरा काठी घेऊन एकेका वाट्यापाशी जातो आणि जमिनीवर दोनदा ठोकतो. तोंडानं काही बोलायचं नाही, कारण आवाजातून खूण देता येते. ठोका पडला की पाठमोरा माणूस एका घराचं नाव घेतो. ज्याचं नाव त्याचा तो वाटा, मग त्यात नुसतं हाड का असेना. सगळी नावं होईपर्यंत बसलेल्यांपैकी कोणी चकार शब्द काढायचा नाही. कोणी नुसतं खोकललं तरी सगळं मोडून पुन्हा मांडायचं.

जे हजर नाहीत त्यांचाही वाटा निघतो. ऊसतोडीला गेलेल्यांचा निघतो, दवाखान्यात पडलेल्याचा निघतो. चूल तांड्यात आहे तोवर वाटा आहे. मी बायको-पोरांसह तालुक्याला राहतो, तांड्यातल्या घराला कुलूप असतं, पण आत चूल आहे. म्हणून माझाही निघायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझा चुलतभाऊ स्टीलच्या कडीच्या डब्यात तो घेऊन यायचा. बायको शिजवायची, मी खायचो. सरकारी माणसानं हे लिहू नये, पण आता लिहिलं.

पाठमोरं बसायचं काम ह्याच चुलतभावाचं. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमच्या बोलीत भावाला भिया म्हणतात, मी त्याला तेच म्हणतो. शांत माणूस, बाजारात घासाघीससुद्धा करत नाही. दर वर्षी नावं वेगळ्या क्रमानं घ्यायचा, त्यामुळे कोणाला बोट ठेवायला जागा नसायची. फक्त दोन नावांचा क्रम ठरलेला. स्वतःच्या घराचं नाव शेवटून दुसरं आणि माझं सगळ्यात शेवटी. मी तिथं नसायचो आणि उरलासुरला वाटा आला तरी मी तक्रार करणार नव्हतो, म्हणून.

आता माझ्या खोटेपणाबद्दल. नात्यातल्या माणसाच्या शेताचा पंचनामा आपण करू नये, असा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे. पण मी अंग काढून घेतलं तर दुसऱ्या सर्कलचा माणूस येणार, त्याला महिना लागणार, तोवर शेतात पुरावा काय उरणार? डुकरं काही सही करून जात नाहीत. म्हणून बदली होऊन आलो त्या वर्षी एका साहेबानं विचारलं, "ह्या तांड्यात तुमचं कोणी आहे का?" तेव्हा मी नाही म्हटलं. आडनाव तर एकच दिसतंय, ते म्हणाले. मी म्हटलं, साहेब, आमच्यात पाच-सहा आडनावांत अख्खा जिल्हा बसतो. ते हसले आणि विषय संपला.

तेव्हापासून दर वेळी तेच उत्तर. तांड्यालाही ते पाठ झालं होतं. पंचनाम्याला गेलो की भिया मला साहेब म्हणायचा. "पाहा ना साहेब, किती नुकसान झालं," असं म्हणताना त्याची मिशी हलायची, कारण तो हसू दाबत असायचा. मीही तोंड गंभीर करून विचारायचो, "नाव काय तुमचं?" मॅडम बाजूला उभ्या असायच्या. माझ्या सख्ख्या चुलतभावाला मी असं कितीदा नाव विचारलं असेल, मोजलं नाही. परत येताना मला बरं वाटायचं. आपण तांड्याच्या कामी येतो, असं वाटायचं.

मग एका दिवाळीच्या सुमाराला त्या झुडपी जंगलात एक बिबट फाशात अडकून मेला. मोटारसायकलच्या क्लचवायरचा फासा, पोटात रुतलेला. दोन-तीन दिवस धडपडला असावा, कारण भोवतालची माती त्यानं विहीर खणावी तशी उकरली होती. तो पंचनामाही मीच लिहिला. फासा कोणाचा ते कळलं नाही. तांडा म्हणाला, बाहेरून गाड्या घेऊन शिकारीला येतात त्यांचा. तसे लोक येतात, मी पाहिलेत. वनखातं म्हणालं, तांड्याला माहीत नसताना तिथं पान हलत नाही. तेही खोटं म्हणता येत नाही.

त्यानंतर वातावरण बिघडलं. वनखात्यात नवीन साहेब आले, घाटावरचे, तरुण, कामाला कडक. सरपणाला गेलेल्या बायांच्या कुऱ्हाडी जप्त झाल्या. गायरानात चर खणला, त्यात तांड्यातली एक गाय पडून पाय मोडून बसली. मग मॅडमच्या गाडीची हवा कोणीतरी सोडली. त्या एकट्या बाई, बीटवर दिवसभर पायी फिरणाऱ्या, त्यांना तांड्यात कोणी पाणी देईनासं झालं. एकदा हरभऱ्याच्या पंचनाम्याला गेलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "सर, सकाळपासून पाणी नाही भेटलं मले. तुमच्या ओळखीचं एखादं घर असन तर सांगा ना." माझ्या काकीचं घर तिथून तीस पावलांवर होतं. मी त्यांना माझी बाटली दिली. ती अर्धीच होती.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "सर, पंचनाम्याले येता का? साहेब बी सोबत आहेत." कशाचा, मी विचारलं. साहेब सांगतील, म्हणाल्या. हरभऱ्याचे चार अर्ज पडून होते, मला वाटलं तेच. साहेब स्वतः येतायत म्हणजे बरंच झालं, असंही वाटलं. गाडीत मागं तीन-चार वनमजूर आणि दुसरा पंच म्हणून धरून आणलेला कुठल्याशा ऑफिसचा शिपाई, तो पेंगत होता. रस्त्यात साहेबांनी विचारलं, "त्या तांड्यात तुमचे कोणी नातेवाईक नाहीत ना? पंच त्रयस्थ लागतो."

"नाही साहेब," मी म्हटलं. जीभ सवयीनं वळली.

गाडी शेतांकडे वळली नाही. गायरानाच्या अलीकडे थांबली आणि आम्ही नाल्यातून पायी निघालो. कोणी बोलू नका, साहेब म्हणाले. दुपारचे बारा वाजले असतील. मोहाची फुलं पडलेली होती आणि त्या गोड वासात जळक्या केसांचा वास मिसळला, तेव्हा मला कळलं आपण कशाच्या पंचनाम्याला आलो आहोत.

खरं तर तिथंच सांगता आलं असतं. साहेबांच्या शर्टाची बाही धरून, हळू आवाजात, तो माझा भाऊ आहे म्हणून मला पंच करू नका. एवढंच. पण ते म्हणाले असते, गाडीत तर नाही म्हणालात. मग मागचे पंचनामे निघाले असते, ज्यांच्यावर माझी सही आणि माझ्याच भावकीची नावं. नोकरी गेली असती, भावकी मिळालेली नुकसानभरपाई परत करत बसली असती. हे सगळं मी नाल्यातून चालताना विचारपूर्वक ठरवलं, असं सांगायला मला आवडलं असतं. ठरवलं काही नाही. मी चालत राहिलो, कारण पुढचा चालत होता.

झुडपाआडून दिसलं. सात जण उकिडवे बसलेले, मध्ये चौदा पिशव्यांवर चौदा वाटे, काठी हातात घेतलेले आमचे थोरले काका. आणि पलीकडं, टेकडीकडं तोंड आणि सगळ्यांकडं पाठ करून भिया. काकांनी ठोकलं. भियानं एक नाव घेतलं. काका पुढच्या वाट्याशी गेले, ठोकलं, भियानं दुसरं नाव घेतलं. साहेब हुशार माणूस. दोन ठोक्यांत त्यांना पद्धत कळली.

त्यांनी हातानं खूण केली. वनमजूर पसरले, बसलेल्यांच्या मागं जाऊन उभे राहिले. काकांनी मान वर केली तर समोर साहेब, ओठांवर बोट ठेवलेले. साहेबांनी काकांच्या हातून काठी काढून घेतली. कुत्री नाल्यात आतड्यांवर तुटून पडली होती, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. कोणी ओरडलं कसं नाही, असं लोक मला विचारतात. मला त्याचं नवल वाटत नाही. वाटे चालू असताना बोलायचं नसतं हे आमच्या हाडात मुरलेलं आहे, त्यात मागं खाकी उभी. त्या सात जणांचं मी समजू शकतो. मी बसलेल्यांत नव्हतो, मी उभा होतो.

साहेबांनी तिसऱ्या वाट्याशी काठी दोनदा ठोकली आणि माझ्याकडं बघून हातानं लिहायची खूण केली.

भियानं नाव घेतलं. मी लिहिलं.

ठोका, नाव, लिहिणं. आधीची दोन नावं मी वरती जागा ठेवून नंतर भरली, सवयीनं, पंचनाम्यात क्रमांक सुटलेला बरा दिसत नाही. काकांचं घर. मला लहानपणी अंगावर पाजणाऱ्या धाकट्या विधवा काकूंचं घर. ऊसतोडीला गेलेल्या दोघांची घरं, ते त्या वेळी कुठल्यातरी फडात कोयता चालवत असतील, तेही लिहिले. बसलेले सातही जण माझ्याकडं बघत होते. काकांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मला काय वाटत होतं, असं विचाराल तर काही नाही. पेनाची शाई फिकी येत होती, ते आठवतं. मी पेन झटकलं तेव्हा अक्षर परत ठळक आलं आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

तेरावा ठोका. भियानं स्वतःच्या घराचं नाव घेतलं. आता काय येणार, हे काकांना, बसलेल्या सातही जणांना आणि मला माहीत होतं. एका खोकल्याचं काम होतं. माझा घसा कोरडा होता, खोकला आपणहून येईल इतका कोरडा.

चौदावा ठोका पडला आणि त्यानं माझं नाव घेतलं. घरातलं नाव. ऑफिसात, बँकेत, आधार कार्डावर माझं दुसरं आहे, हे फक्त तांड्यात चालतं. माझं पेन थांबलं.

"लिहा," साहेब म्हणाले. मग मोठ्यानं, त्या पाठीला उद्देशून, "ह्याचं पूर्ण नाव काय?"

आवाज ऐकून भिया वळला. आधी साहेबांकडं बघितलं, मग उभ्या वनमजुरांकडं, मग माझ्या हातातल्या कागदाकडं. माझ्या तोंडाकडं तो सगळ्यात शेवटी आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रोज येणाऱ्या एसटीचा फलक बदललेला दिसावा आणि माणसानं तो पुन्हा वाचावा, तसा तो माझ्याकडं बघत राहिला.

"हा शेवटचा कोण? कुठं राहतो?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"कोनी नाही साहेब," भिया म्हणाला. "चुकून निंघालं तोंडातून. त्या नावाचा मानूस तांड्यात नाही आता."

"मग हा वाटा कोणाचा?"

"माहाच लिहा." आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "लिहा साहेब, माह्याच नावावर लिहा." मिशी हलली नाही.

मी लिहिलं. वाटा क्रमांक तेरा आणि वाटा क्रमांक चौदा, नाव एकच. बाकीच्यांना एकेक आणि ह्याला दोन, म्हणजे हाच म्होरक्या, असं साहेबांनी तिथल्या तिथं ताडलं. आणि नावं घेणाराही हाच. बाकी घरांना नोटिसा गेल्या, ऊसतोडीवाल्यांच्याही दारावर चिकटवल्या. मुख्य आरोपी म्हणून भियाला एकट्याला गाडीत घातलं. नमुने बरण्यांत भरले, भाले आणि सुरे पोत्यात बांधले, चौदाही वाटे एका खड्ड्यात टाकून डिझेल ओतून पेटवले. सदर पंचनामा आमच्यासमक्ष केला, वाचून पाहिला, बरोबर आहे. खाली माझी सही. सहीसुद्धा मी सुवाच्य करतो.

परत येताना तो मागं वनमजुरांच्या पायांशी बसला होता. मी मधल्या सीटवर. वळून बघितलं नाही, पण काचेत त्याचा एक गुडघा दिसत होता. मॅडम माझ्या शेजारी होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "सर, ते तुमचे कोनी लागतात काय?"

"नाही," मी म्हटलं.

थोड्या वेळानं त्यांनी आपली पाण्याची बाटली मागं दिली. तो प्यायला, आवाज आला.

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं कशाचा पंचनामा, मी हरभऱ्याचा म्हटलं. आंघोळ केली, जेवलो, दोन भाकरी खाल्ल्या. झोपही गाढ लागली. त्या झोपेची मला अजून लाज वाटते. बाकी कशाची नीट वाटत नाही, वाटायला पाहिजे हे कळतं, पण सुन्न झालेल्या दाढेवर जीभ फिरवावी तसं आहे.

तिसऱ्या दिवशी काकी आली. भियाची आई, सत्तरीची, एसटीनं एकटीच आलेली. घरात आली नाही, दारातल्या पायरीवर बसली. बायकोनं आणलेला चहा तिनं बाजूला ठेवला. खबर मीच दिली, असं तांड्यात सगळे म्हणत होते. ती ते विचारायला आली नव्हती.

"तुले आधीपासून माहीत होतं काय?" तिनं विचारलं.

"नाही काकी. तुझी शपथ. मले हरभऱ्याचा पंचनामा वाटला."

"मंग काहून बोलला नाही?" मग तीच पुढं म्हणाली, "नसता बोलला. नुसता खोकलला असता तं तो थांबला असता. त्याले वाटलं असतं, वाटे मोडले."

मी बायकोकडं बघितलं, बायको चहाकडं. तांड्यात भियाला कोणी वाईट म्हणत नव्हतं, पण आपल्या तोंडानं सगळ्या घरांची नावं दिली म्हणून तो कोठडीत जेवत नाही, असं काकीनं सांगितलं. मग ती उठली आणि स्टँडकडं चालायला लागली. मी गाडीवर सोडतो म्हटलं. तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

पंधरा-सोळा दिवसांनी जामीन झाला. मी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभा होतो, तो समोरून दुसऱ्या बाजूनं गेला. खटला अजून उभा आहे, तारखा पडतात. भावकीच्या वकिलाचा एकदा फोन आला होता. कोर्टात सांगा, म्हणाले, मी जाग्यावर गेलोच नव्हतो, कागद ऑफिसात आणून दिला आणि मी सही केली. तेवढ्यानं सगळी घरं सुटतात. पण अख्खा कागद माझ्याच अक्षरात आहे. आणि सरकारी पंच फिरला की त्याची चौकशी लागते. मी बघू म्हटलं. साक्षीला मला अजून बोलावलेलं नाही. रोज डाक आली की मी आधी समन्सच शोधतो, आणि नसलं की चहा सांगतो.

ह्या वर्षी होळीला तांड्यानं शिकार केली नाही. गायरानात वनखात्याचा तंबू होता. भावकीनं बाजारातून बोकड आणला, रीतसर, आणि तांड्यातच चिंचेखाली कापला. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण चूल तांड्यात आहे, म्हणून मी गेलो. भियाचा कडीचा डबा दोन वर्षांपासून आमच्याकडं राहिला होता. बायकोनं तो घासून पिशवीत दिला होता, परत द्या, नाहीतर भरून आणा, म्हणाली. तिलाही नेमकं काय होईल ठाऊक नव्हतं. मोटारसायकलच्या डिकीत तो ठेवला.

मी पोचलो तेव्हा पिशव्यांवर वाटे मांडून झाले होते. सगळे उकिडवे बसलेले. मी पण त्यांच्यात बसायला गेलो, तर कोणीतरी आतून प्लास्टिकची खुर्ची आणून माझ्यासमोर ठेवली. ती खुर्ची तांड्यात तलाठ्याला देतात, बँकेच्या माणसाला देतात. मी उभाच राहिलो.

भियाच्या हातात काठी होती. पाठमोरी जागा रिकामी होती. तो पुढं आला आणि म्हणाला, "साहेब, तुमी बसा तिकडं तोंड करून. तुमाले सगळ्याइचे नावं पाठ आहेत. लिहून झाले आहेत तुमचे."

आवाज साधाच होता. कोणी हसलं नाही. मी खुर्ची उचलली, फिरवली आणि टेकडीकडं तोंड करून बसलो. जन्मात पहिल्यांदाच त्या जागी बसत होतो. समोर चर, चरापलीकडं झुडपी जंगल, पळस फुललेला. मागं काय चाललंय ते काहीच कळत नाही तिथून. मला वाटलं, तो मला परत आत घेतोय. खरंच वाटलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छातीत काहीतरी हललं.

ठोका पडला. मी काकांच्या घराचं नाव घेतलं. ठोका, काकूंचं घर. मी क्रम मुद्दाम बदलत होतो, तो करायचा तसा, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. ऊसतोडीवाले, मधल्या आळीचे, काठावरचं घर. बाराव्या ठोक्यानंतर मी जरा थांबलो. तेराव्याला भियाचं नाव घेतलं. माझं नाव शेवटी ठेवलं होतं, त्याच्यासारखंच.

मी वाट बघत बसलो. बोलायचं नसतं, म्हणून बोललो नाही, वळलोही नाही. पिशव्या उचलल्याचा आवाज आला, मग चपलांचा. एक कुत्रं माझ्या समोरून निघून गेलं. काठी वाजली नाही.

शेवटी मी वळलो. चिंचेखाली ओली जमीन होती आणि तिच्यावर भिया काठीचं टोक घासून पुसत होता. तेरा पिशव्या तेरा घरांकडं गेल्या होत्या.

"झालं, साहेब," तो म्हणाला.

डबा परत द्यायचा राहूनच गेला. बावीस किलोमीटर तो डिकीत वाजत होता.